निकालाआधीचं गाणं

कोल्हापुरात गाण्याचा विषय निघाला की बोलणं तीन मिनिटांत अल्लादिया खाँसाहेबांपर्यंत पोचतं. साहजिक आहे. १८८३ पासून चालत आलेला गायन समाज देवल क्लब, शाहू महाराजांनी १८९५ च्या सुमारास दरबारात आणलेले खाँसाहेब, १९१५ साली उघडलेलं पॅलेस थिएटर (म्हणजे आपलं केशवराव भोसले नाट्यगृह, ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री जळालेलं), १९१९ साली इथे जन्मलेले सुधीर फडके. एवढी यादी कोल्हापूरचा कुठलाही रिक्षावाला दम न घेता सांगेल. पण स्मरणिकेच्या संपादकांनी मला ‘आपल्या शाळेतल्या गायनाच्या तासावर जरा इतिहासाच्या अंगाने लिही’ असं सांगितलं, आणि शोधायला बसले तेव्हा लक्षात आलं की आपला तास काही दरबारातून आलेला नाही. तो कुरुंदवाडहून आला, तोही लाहोरमार्गे.

आधी तासाबद्दल. आपल्या बॅचच्या लोकांना वेगळं सांगायला नको, पण नंतरच्या मुलांसाठी लिहून ठेवते. एप्रिलमध्ये शाळा सकाळची व्हायची. वार्षिक परीक्षेचा शेवटचा पेपर झाला की निकालापर्यंत, म्हणजे १ मे पर्यंत, मधले आठ-दहा दिवस ना अभ्यासाचे ना सुट्टीचे असायचे. जोतिबाची चैत्र यात्रा त्याच सुमाराला आली तर निम्मी मुलं डोंगरावर. उरलेल्यांचं काय करायचं हा प्रश्न. बाकी सगळे शिक्षक गठ्ठे तपासायला शिक्षकखोलीत बसलेले. गायनाच्या बाईंकडे मात्र तपासायला एकही पेपर नसायचा, कारण गायनाला गुण नव्हते, प्रगतिपुस्तकात एका कोपऱ्यात श्रेणी तेवढी. वर्षभर आठवड्याला एक तास, तोही गणिताचा पोर्शन मागे पडला की हमखास काढून घेतला जाणारा. आणि वर्षाच्या शेवटी एकदम अख्खी शाळा त्यांच्या ताब्यात.

त्या दिवसांकडे ‘मुलांना गुंतवून ठेवणं’ म्हणूनच पाहिलं जायचं. बाईंनी ते तसं घेतलं नाही. पहिल्या दिवशी फळ्यावर यादी लागायची: कुठल्या वर्गाने काय गायचं, कुणी पेटीचा भाता मारायचा, कुणी सतरंज्या घालायच्या. दोन मुलं हार्मोनियम उचलून हॉलमध्ये आणायची आणि सात वाजता पांढरी चार धरून सगळी शाळा ‘सा’ लावायची. सगळी, हे महत्त्वाचं. बेसूर मुलाला ‘तू नुसते ओठ हलव’ असं त्या कधीच म्हणाल्या नाहीत. अशांना त्या पुढच्या रांगेत, पेटीच्या अगदी शेजारी बसवायच्या. आमच्या वर्गातला एक जण तीन वर्षं तिथे बसला आणि चौथ्या वर्षी सुरात आला. आज तो ट्रॅक्टरचे सुटे भाग विकतो आणि गणपतीत आरती तोच सुरू करतो.

आता कुरुंदवाड. शिरोळ तालुक्यातलं, पंचगंगा-कृष्णा संगमाजवळचं, तेव्हा स्वतंत्र संस्थान असलेलं गाव. तिथे १८ ऑगस्ट १८७२ ला एका कीर्तनकाराच्या घरी विष्णु दिगंबर पलुस्कर जन्मले. लहानपणी दत्तजयंतीच्या उत्सवात फटाका तोंडाजवळ उडाला आणि डोळे अधू झाले. उपचारासाठी मिरजेला नेलं. डोळे पूर्ववत होईनात, शाळा सुटली, पण गळा चांगला आहे हे ध्यानात आल्यावर मिरजेच्या संस्थानिकांच्या आश्रयाने त्यांना बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकायला ठेवलं. हे तेच बाळकृष्णबुवा, ज्यांनी ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात आणून रुजवली. म्हणजे कुरुंदवाड, इचलकरंजी, मिरज. शिरोळच्या एसटीने अर्ध्या दिवसात फिरून होईल एवढ्या टापूत ही सगळी गोष्ट घडते.

१८९६ मध्ये पलुस्कर मिरज सोडून बाहेर पडले. बडोदा, काठेवाड, ग्वाल्हेर, मथुरा असं फिरत पंजाबात पोचले आणि ५ मे १९०१ ला लाहोरला त्यांनी गांधर्व महाविद्यालय उघडलं. संगीताची शाळा ही कल्पना त्याआधीही होती. बडोद्यात सयाजीरावांच्या आश्रयाने मौलाबक्षांनी १८८६ मध्येच गायनशाळा काढली होती, स्वरलिपीसुद्धा तयार केली होती. पलुस्करांचं वेगळेपण असं की त्यांची शाळा कुठल्याही राजाच्या तिजोरीवर नव्हती. लोकांच्या वर्गण्या, मैफिलींची तिकिटं आणि कर्ज यांवर ती चालली. १९०८ मध्ये मुंबईत शाखा निघाली, मोठी इमारत उभी राहिली आणि पुढे त्याच कर्जापायी ती हातची गेली. २१ ऑगस्ट १९३१ ला ते मिरजेतच वारले. त्याच वर्षी त्यांच्या शिष्यांनी अहमदाबादेत जमून जी संस्था काढली, ती अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ. आपल्यापैकी ज्यांनी प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमाचे फॉर्म भरले ते सगळे याच मंडळाचे विद्यार्थी, भले तेव्हा आपल्याला ते नाव नुसतं रबरी शिक्क्यापुरतं माहीत असेल.

पलुस्करांनी गाणं शाळेत नेलं म्हणजे नेमकं काय केलं? इयत्ता आणल्या. अभ्यासक्रम ठरवला. घंटा आणली, फळा आणला, ‘संगीत बालप्रकाश’सारखी क्रमिक पुस्तकं छापली, परीक्षा ठेवल्या. आणि या सगळ्याबरोबर आपोआप एक गोष्ट आली, जिच्याकडे मला वाटतं कुणी फारसं लक्ष दिलेलं नाही: सुट्टी. गुरूच्या घरी राहून तालीम घेणाऱ्याला उन्हाळी सुट्टी कसली? तिथे वर्ष संपतच नाही, कारण ते कधी सुरू झालं हेच ठरलेलं नसतं. एकच राग दोन वर्षं, एकच पलटा तीन महिने, आणि पुढचं केव्हा मिळणार हे गुरूच्या मर्जीवर. ‘यंदाचा भाग संपला, आता जूनमध्ये भेटू’ हे वाक्य गाण्याच्या बाबतीत उच्चारता यायला लागलं ते अभ्यासक्रमामुळे. मंडळाच्या परीक्षा वर्षातून दोनदा, त्यातली एक एप्रिल-मेमध्ये. म्हणून आपल्याकडे गाण्याच्या मुलींची सुट्टी नेहमी आठ-पंधरा दिवस उशिरा सुरू व्हायची आणि आंब्याच्या दिवसांत त्यांना कैरी, चिंच, बर्फाचा गोळा सगळं बंद असायचं.

शहराच्या दुसऱ्या टोकाला, म्हणजे खाँसाहेबांच्या बाजूला, चित्र अगदी उलट होतं. अल्लादिया खाँ जवळजवळ शाहू महाराजांच्या निधनापर्यंत, म्हणजे १९२२ पर्यंत, कोल्हापूरला होते. मग ते मुंबईला गेले, पण त्यांचे चिरंजीव भुर्जी खाँ इथेच राहिले. त्या घराण्याची विद्या म्हणजे कुलुपातली ठेव. अनवट राग, दुर्मीळ बंदिशी, निवडक शिष्य. खाँसाहेबांनी स्वतःचं गाणं मुद्रित होऊ दिलं नाही. त्यांचा आवाज आज कुठेही ऐकायला मिळत नाही. मी पंचवीस वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढली आहेत, तेव्हा मला हा वाद फार ओळखीचा वाटतो. एकीकडे सोर्स कोड कुणालाही न दाखवता उत्कृष्ट माल बनवणारे. दुसरीकडे सगळं स्वरलिपीत छापून पाच-सहा आण्यांना वाटणारे, मग त्यात चुका राहिल्या तरी बेहत्तर. पहिल्या पंथातून केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर, मल्लिकार्जुन मन्सूर झाले. केसरबाईंचं एक ध्वनिमुद्रण तर १९७७ साली व्हॉयेजर यानातून सूर्यमालेबाहेरच्या प्रवासाला निघालं. दुसऱ्या पंथातून आपण झालो. तुलना करून कुणालाच सुख नाही, पण संख्येच्या बाबतीत दुसरा पंथ जिंकला हे मान्य करावं लागेल.

आणि तो जिंकला त्यात कोल्हापूरकरांचा हात मोठा. पलुस्करांच्या आघाडीच्या शिष्यांतले शंकरराव आणि नारायणराव व्यास हे दोघे भाऊ कोल्हापूरचे. पहिल्यांचा जन्म १८९८ चा, दुसऱ्यांचा १९०२ चा. नारायणरावांच्या ग्रामोफोन तबकड्या महाराष्ट्रात घरोघरी वाजल्या. शंकररावांनी १९४३ च्या ‘रामराज्य’ या चित्रपटाला संगीत दिलं, जो गांधीजींनी पाहिला म्हणून प्रसिद्ध आहे. पण माझ्या विषयाच्या दृष्टीने त्यांचं मोठं काम म्हणजे त्यांनी शाळकरी मुलांना गाणं शिकवण्यासाठी लिहिलेली पुस्तकं. पलुस्करांचेच आणखी एक शिष्य वामनराव पाध्ये कोल्हापुरात शिकवत होते आणि त्यांच्याकडे एक मुलगा शिकायला होता, त्याचं नाव राम फडके. पुढे तो सुधीर फडके झाला. १ एप्रिल १९५५ ला, रामनवमीच्या दिवशी, पुणे आकाशवाणीवर त्याने गदिमांच्या शब्दांना चाल देऊन गीतरामायण सुरू केलं. वर्षभर दर आठवड्याला एक गाणं, एकूण ५६. दर आठवड्याला नवं गाणं ऐकून ते वहीत उतरवून घ्यायचं, पाठ करायचं, आळीतल्या सगळ्यांनी मिळून म्हणायचं, ही सवय आपल्या आई-मावश्यांच्या पिढीला तिथून लागली. आमच्या बाई त्याच पिढीतल्या.

पेटीबद्दल थोडं लिहिलंच पाहिजे, कारण तिच्यावर अन्याय झाला आहे. हार्मोनियम हे परदेशी वाद्य. तिच्यात मींड निघत नाही, तिचे सूर ठोकून बसवलेले, आपल्या श्रुती त्यात बसत नाहीत, हे आक्षेप खरे आहेत. त्या कारणाने १९४० मध्ये ऑल इंडिया रेडिओने तिला चक्क बंदी घातली आणि ती सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत पूर्णपणे उठली नाही. गंमत अशी की ही बंदी आली तेव्हा या वाद्यावर अधिकार गाजवणारं सर्वांत मोठं नाव कोल्हापूरजवळच्या सांगवड्याचं होतं: गोविंदराव टेंबे. १९११ च्या ‘मानापमान’ नाटकाच्या चाली त्यांच्या. १९३२ मध्ये इथल्याच प्रभात कंपनीने काढलेल्या ‘अयोध्येचा राजा’ या पहिल्या मराठी बोलपटाचं संगीत त्यांचं आणि त्यातला हरिश्चंद्रही तेच. ते स्वतः अल्लादिया खाँच्या गाण्यावर जीव टाकणारे, त्यांचं चरित्र लिहिणारे. म्हणजे ज्या माणसाला जयपूर गायकीतली सूक्ष्म जागा न् जागा कळत होती, त्याच माणसाने आयुष्यभर पेटी वाजवली. तिच्या मर्यादा त्याला रेडिओच्या साहेबांपेक्षा जास्त ठाऊक होत्या.

शाळेला मात्र पेटीवाचून गत्यंतर नव्हतं. तंबोरा हॉलमधल्या दीडशे मुलांच्या आवाजात ऐकूच येत नाही. तो लावायला पंधरा मिनिटं लागतात आणि एप्रिलच्या उन्हात तो पुन्हा उतरतो. पेटी उघडली की तयार, मुलांनी आपटली तरी फार बिघडत नाही आणि बाईंना एका हाताने चाल वाजवत दुसऱ्या हाताने मागच्या रांगेतल्या कुजबुजणाऱ्यांकडे बोट दाखवता येतं. आपल्या पेटीची एक पट्टी, मधल्या सप्तकातला कोमल निषाद, कायम अडकलेली असायची. त्यामुळे बाईंनी बसवलेल्या बऱ्याच चाली त्या सुराला वळसा घालून जातात. भूप आणि दुर्गा त्यांना प्रिय होते, कारण पाच शुद्ध सुरांत काम भागतं आणि नव्या मुलांना सोपं जातं, असं त्या सांगायच्या. मला अजूनही वाटतं, निम्मं कारण ती पट्टी होती.

मुलींच्या गाण्याची गोष्ट वेगळी सांगायला हवी. १९०० च्या आसपास केसरबाई आठेक वर्षांच्या असताना कोल्हापुरात राहून काही महिने अब्दुल करीम खाँकडे शिकल्या, पण त्या कलावंत घराण्यातल्या होत्या. घरंदाज म्हणवणाऱ्या घरांत मुलीने चार लोकांपुढे गाणं म्हणजे अब्रूचा प्रश्न होता. पलुस्करांच्या शाळांनी गाण्याला प्रतिष्ठा दिली, हे नेहमी सांगितलं जातं आणि ते खरंही आहे. त्याची दुसरी बाजू कमी सांगतात: प्रतिष्ठा देताना ज्या बायकांनी पिढ्यान् पिढ्या गाणं जपलं होतं, त्यांना हळूच बाजूला सारलं गेलं. कोल्हापुरात या दोन जगांमधली भिंत ओलांडणाऱ्यांत धोंडुताई कुलकर्णी होत्या. त्यांचा जन्म इथे १९२७ मध्ये झाला. १९४० च्या दशकात एका ब्राह्मण घरातली मुलगी भुर्जी खाँकडे तालीम घेते ही त्या वेळी गावात बोलायची गोष्ट होती. त्यानंतर पन्नास वर्षांनी आमच्या वर्गातल्या सगळ्या मुली, मराठा, ब्राह्मण, जैन, लिंगायत, मुसलमान, दलित, एका सतरंजीवर बसून मोठ्याने गात होत्या आणि कुणाच्याही घरून चिठ्ठी आली नाही. आम्हाला त्यात काही विशेष वाटलं नव्हतं. इतिहास वाचल्यावर वाटलं.

सगळ्यांनी मिळून गायचं ही पद्धत तरी शास्त्रीय संगीतातली नाहीच. मैफिलीत गायक एकटा असतो. समूहाचं गाणं आलं ते दिंडीतून, आरतीतून, पोवाड्याच्या झीलकऱ्यांतून, गणेशोत्सवातल्या मेळ्यांतून आणि पुढे स्वातंत्र्याच्या चळवळीतून. पलुस्कर स्वतः काँग्रेसच्या अधिवेशनांत वंदे मातरम् गायचे. नंतर राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकांनी गावोगाव गाणी नेली. साने गुरुजींनी पंढरपूरचं मंदिर सर्वांना खुलं व्हावं म्हणून १९४७ साली १ मे पासून १० मे पर्यंत उपोषण केलं. त्याआधी महाराष्ट्रभर जो दौरा झाला त्यात भाषणांइतकीच गाणी होती. गुरुजींची ती प्रार्थना आपल्या परिपाठात रोज होती. बाई एप्रिलमध्ये ती तीन वेगवेगळ्या लयींत म्हणून घ्यायच्या, म्हणजे शब्द कंटाळवाणे होऊ नयेत.

दहा दिवसांचा शेवट १ मे ला. सकाळी झेंडावंदन, मग महाराष्ट्राचं गीत, मग निकाल. राजा बढे यांचे शब्द, श्रीनिवास खळ्यांची चाल आणि शाहीर साबळ्यांचा आवाज असलेलं हे गीत सरकारने २०२३ मध्ये राज्यगीत म्हणून स्वीकारलं. आपण ते त्याच्या कितीतरी आधीपासून म्हणत होतो आणि पोटात गोळा आलेला असताना म्हणत होतो, कारण गाणं संपलं की वर्गशिक्षक प्रगतिपुस्तकं वाटायला घेणार. बाई पुढे उभ्या राहून हातवारे करत असायच्या. नापास होणाऱ्यांचा आवाजसुद्धा त्या क्षणी बाकीच्यांत मिसळलेला असायचा. त्यांना ते ठाऊक असणार, शिक्षकखोलीत निकाल आधीच लागलेले असत.

आता मूळ मुद्दा, ज्यासाठी हा एवढा लांब लेख लिहिला. बाई काही वर्षांपूर्वी गेल्या. त्यांच्या घरच्यांनी त्यांची एक वही मला दिली: दोनशे पानी, तपकिरी कव्हर, कोपरे झिजलेले. त्यात वर्षाखेरीला बसवलेल्या गाण्यांची नावं, शब्द, कुठल्या इयत्तेकडून काय म्हणून घ्यायचं याच्या खुणा, सगळं आहे. बऱ्याच गाण्यांच्या चाली त्यांनी स्वतः बांधलेल्या. आणि स्वरलिपी मात्र मोजून चार गाण्यांची. ज्या बाईंनी आम्हाला प्रवेशिकेसाठी भूपाची बंदिश मात्रा मोजून, खुणा देऊन लिहायला लावली, त्यांनी स्वतःच्या चाली लिहिल्या नाहीत. मुलांना तोंडी येतात, मग लिहायच्या कशाला, असा विचार असेल. किंवा स्वतःच्या चालींना त्या ‘संगीत’ समजत नसतील. दुसरं कारण मला जास्त खरं वाटतं आणि जास्त टोचतं. अल्लादिया खाँनी आपला आवाज मागे ठेवायचा नाही असं ठरवलं होतं. बाईंनी असं काही ठरवलं नव्हतं, त्यांना कुणी विचारलंच नाही.

बाई निवृत्त झाल्यावर गायनाच्या तासाला पूर्ण वेळ शिक्षक मिळाला नाही. हल्ली शास्त्रीय संगीताच्या परीक्षा दिलेल्यांना दहावीला वाढीव गुण मिळतात, त्यामुळे बाहेरच्या क्लासांना गर्दी आहे. ते चांगलंच आहे. पण गुणांसाठी गाणारी मुलं आणि एप्रिलमध्ये पेटीशेजारी बसलेला तो ट्रॅक्टरवाला, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. संमेलन समितीत शाळेला भेट काय द्यायची यावर चर्चा चालू आहे, त्यात आणखी दोन डिजिटल फळे घ्यावेत असं मत आहे. माझा रोजचा धंदाच संगणकाचा, तरीही माझं मत वेगळं आहे. तेवढ्याच पैशात एका गाणं येणाऱ्या माणसाला पाच वर्षं दर एप्रिलमध्ये दहा दिवस मानधन देता येईल. हिशेब समितीकडे दिला आहे.

तोवर एक काम आपल्याच हातात आहे. वहीतल्या सगळ्या गाण्यांची यादी मी प्रत्येक बॅचच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकते आहे. ज्याला ज्या गाण्याची चाल आठवते, पूर्ण नसली तरी चालेल, नुसतं धृपद असलं तरी चालेल, त्याने ती मोबाईलवर गाऊन पाठवावी. आवाज कसा आहे याची काळजी नको. बाईंनीही कधी केली नाही. स्वरलिपीत उतरवण्याचं काम मंडळाच्या विशारद असलेल्या आपल्या दोन माजी विद्यार्थिनींनी अंगावर घेतलं आहे. संमेलनाच्या दुसऱ्या दिवशी जेवणानंतर जुनी पेटी हॉलमध्ये असेल. ती दुरुस्त करून घेतली आहे, फक्त कोमल निषादाची ती पट्टी तशीच ठेवायला सांगितली आहे, म्हणजे चाली जिथे वळत होत्या तिथेच वळतील. सतरंज्या घालायला आठवी ‘ब’ची मुलं लागतील. यादी फळ्यावर लागलेली असेल.